विंडोज १० चा सपोर्ट संपला, मशीन मात्र चालू: एका जुन्या डेस्कटॉपचं प्रकरण

काकांचा डेस्कटॉप २०१७ सालचा, असेंबल करून घेतलेला. आत इंटेलचा कोअर आय५-७४००, ८ जीबी डीडीआर४ रॅम आणि एक टीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. वर विंडोज १० होम, २२एच२ आवृत्ती. कामं ठरलेली: एका छोट्या संस्थेचा हिशेब, मराठी पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, जुने कागद स्कॅन करून ठेवणं आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, थांबवला. हा पीसी विंडोज ११ च्या किमान अटींत बसत नाही, असा संदेश विंडोज अपडेटच्या पानावर त्याआधीपासूनच दिसत होता. तो वाचून काकांनी विचारपूस सुरू केली आणि तिघांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला, काही होत नाही, आहे तसंच वापरा. दुसरा म्हणाला, आठ वर्षं झाली, नवीन घेऊन टाका. तिसरा म्हणाला, अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं, मी अर्ध्या तासात करून देतो. मग काकांचा मला फोन: "अरे, चाललंय ते मशीन. त्याला हात लावायचा की नाही, एवढंच सांग."

तिन्ही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य होतं. फक्त तिन्ही सल्ले मशीन न बघता दिलेले होते. "अपग्रेड होईल का?" हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. या प्रकरणात त्याचा नंबर तिसरा लागला. त्याच्या आधी डिस्क होती, आणि पुढे ते सगळं सांभाळणार कोण, हा मुद्दाही होता.

आधी तक्रार नीट ऐकली

"हळू चालतं" आणि "सपोर्ट संपला" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. घरोघरी त्यांची सरमिसळ होते आणि नवीन विंडोज टाकलं की मशीन पळायला लागेल, अशी आशा धरली जाते. तसं होत नाही. उलट नवीन आवृत्तीला बहुधा जास्तच लागतं.

मशीन सुरू करून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर जवळपास रिकामा, रॅम अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली आणि डिस्क १०० टक्के. ब्राउझर उघडायला सांगितलं की डिस्कचा आलेख छताला टेकून तसाच राहायचा. यात गूढ काही नाही. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवा असलेला भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सव्वाचार मिलिसेकंदांच्या आसपास जातात. शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. विंडोज १० सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फाइली मागते. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने ही प्रतीक्षाच उरत नाही. आय५-७४०० काकांच्या कामाला आजही पुरून उरतो. जुनी झाली होती ती डिस्क.

नुसती जुनीही नव्हती. क्रिस्टलडिस्कइन्फो लावून पाहिलं तर डिस्कच्या तब्येतीचा रकाना पिवळा: "कॉशन". खालच्या यादीत रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर शून्य नाहीत आणि करंट पेंडिंग सेक्टरपुढे १०. हा प्रोग्राम कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या मोजणीत, दाखवतो, त्यामुळे तो १० म्हणजे सोळा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे. पेंडिंग म्हणजे डिस्कला त्यांतले जे वाचता आले नाहीत आणि ज्यांचा फैसला अजून व्हायचा आहे ते. रिअ‍ॅलोकेटेड म्हणजे जे खराब ठरवून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरायला काढले ते. असे आकडे दाखवत एखादी डिस्क दोन वर्षं काढते, एखादी पुढच्या आठवड्यात मान टाकते. कुठली काय करेल, हे कोणी सांगू शकत नाही.

इथे "अर्ध्या तासात करून देतो" हा सल्ला बाद झाला. चालू विंडोजवर नवं विंडोज चढवताना कित्येक जीबी लिहिले जातात आणि जुनी सिस्टीम विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवली जाते, म्हणजे डिस्क कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत ढवळली जाते. आजारी डिस्कवर हे करणं म्हणजे संकटाला आमंत्रण. दहा दिवसांत मागे फिरायची सोय विंडोज देतं खरं, पण तीही त्याच डिस्कवर अवलंबून असते.

म्हणून पहिलं काम बॅकअप. कमकुवत डिस्कवरून सगळं एकदम ओढायला जाऊ नये. सगळ्यात मोलाचं आधी, मग बाकीचं. हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नव्हताच, तो थेट सी ड्राइव्हवर प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसला होता. हे फार ठिकाणी आढळतं, आणि "डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतले, झालं" म्हणणारे नेमके इथे फसतात. म्हणून प्रोग्रामच्या आतून त्याचा अधिकृत बॅकअप घेतला आणि पूर्ण फोल्डरही उचलला. युनिकोड येण्याआधीच्या फाँटात टाइप केलेली जुनी पत्रं होती. त्यांच्यासोबत ती फाँटची फाइलही घेतली, कारण तिच्याशिवाय तो मजकूर म्हणजे निव्वळ चिन्हांची रांगोळी. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क वेगळे काढले. फोटोंपाशी कॉपी अडखळली: "डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक". म्हणजे वाचलेला डेटा तपासणीच्या बेरजेशी जुळत नाही. गेले ते थोडे फोटोच, आणि त्यांतले बरेच काकूंच्या फोनमध्ये सापडले. बॅकअप झाल्यावर त्यातल्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्या. नुसती नावं दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असं होत नाही.

विंडोज ११ ची अट नेमकी कुठे अडते

डिस्क बदलायची हे ठरल्यावर मूळ प्रश्नाकडे वळलो. नवीन एसएसडीवर कोरी सिस्टीम टाकायचीच आहे, तर ती कोणती?

विंडोज ११ च्या अटींपैकी रॅम ४ जीबी आणि जागा ६४ जीबी, या बाबतीत काकांचं मशीन सहज पास. टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) नाही असं दाखवत होतं, पण ते अर्धसत्य. या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसोबत टीपीएम फर्मवेअरमधून मिळतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, त्याचं नाव पीटीटी असतं आणि कित्येक बोर्डांवर ते बंद ठेवलेलं असतं. ते चालू केलं की टीपीएम २.० हजर. सिक्युअर बूटचंही (सुरू होताना फक्त खात्रीचीच सिस्टीम चालू देणारी सोय) तसंच: मशीन जुन्या लेगसी पद्धतीने बूट होत होतं आणि डिस्कची आखणी एमबीआर या जुन्या पद्धतीची होती, म्हणून ते बंद. बोर्ड यूईएफआय ही बूटची नवी पद्धत जाणणाराच होता. डिस्क न बदलता हेच करायचं असेल, तर विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं हत्यार आहे. डेटा न पुसता ते डिस्क जीपीटी या नव्या आखणीत रूपांतरित करतं. तरीही बॅकअप आधी, आणि नंतर बायोस यूईएफआयवर न्यायचं विसरायचं नाही, नाहीतर मशीन बूटच होत नाही.

अडलं ते प्रोसेसरवर. मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे आहेत, एएमडीचे साधारण रायझन २००० मालिकेपासून. ७४०० सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने हुकला. सातव्या पिढीला मोजके अपवाद दिले गेले, आणि त्यांतला एक आय७-७८२०एचक्यू मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. हे वाचून काका हसले: "आपलं ते बाळ!"

चिडायला जागा आहे, पण अट अगदीच हवेतली नाही. मेमरी इंटेग्रिटी नावाचं संरक्षण कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, फक्त तपासलेला कोडच चालू देतं, आणि ते नीट वेगाने चालायला प्रोसेसरमध्ये विशिष्ट सोय लागते. गंमत अशी की ही सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच आहे. म्हणजे रेघ सहाव्या आणि सातव्या पिढीच्या मध्ये ओढली असती, तर तांत्रिकदृष्ट्या जास्त पटली असती. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये दुसरं कारण दिलं ते स्थैर्याचं: चाचणीच्या काळात अटींत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल कोसळण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी जास्त आढळलं. ती सरासरी सगळ्या जुन्या मशीनची. काकांच्या मशीनबद्दल तिच्यावरून फारसं काही ठरत नाही.

अट चुकवून टाकावं का

टाकता येतं. रजिस्ट्रीतली एक नोंद बदलून अपग्रेड करायची वाट मायक्रोसॉफ्टने स्वतःच एके काळी आपल्या मदतपानावर दिली होती. नंतर ती तिथून काढली. २४एच२ या आवृत्तीपासून एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या आज्ञा न जाणणाऱ्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. पण तो फटका फारच जुन्या मशीनना. ७४०० ला त्याची झळ नाही. अट चुकवलेल्या मशीनवर दर महिन्याचे सुरक्षा अपडेट एरवी येत राहतात. फक्त मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं की अशा मशीनना अपडेटचा हक्क नाही. आज येतात, उद्या थांबले तर तक्रार कोणाकडे करणार?

खरी गोम वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या आवृत्तीत आहे. ती अशा मशीनवर आपोआप चढत नाही, आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवून पुन्हा अट चुकवून हाताने बसवावी लागते. होम आवृत्तीत प्रत्येक टप्प्याला २४ महिन्यांचा सपोर्ट: २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, २५एच२ चा ऑक्टोबर २०२७ मध्ये. तेव्हा हा उद्योग कोण करणार? काका करणार नाहीत, आणि मी दुसऱ्या गावात. ज्याला मशीन रोज वापरायचं आहे त्याला स्वतःला निस्तरता येणार नाही असं काम त्याच्या मशीनवर लादू नये, असं माझं ठाम मत आहे. हेच मशीन एखाद्या हौशी कॉलेजवाल्याचं असतं, तर मी बिनधास्त "टाक २५एच२" म्हटलं असतं.

दुसरी अडचण ड्रायव्हरची, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. विंडोज १० मध्येच विंडोज सिक्युरिटी, मग डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन असं जाऊन मेमरी इंटेग्रिटी चालू करायचा प्रयत्न केला, तर कुठले ड्रायव्हर आड येतात त्यांची यादी समोर येते. अपग्रेडआधी करण्यासारखी ही फुकटची तपासणी आहे. आमच्या यादीत हिशेबाच्या प्रोग्रामच्या यूएसबी डाँगलचा ड्रायव्हर निघाला. डाँगल म्हणजे मागे खोचलेलं ते बोटभर लॉक. ते नसेल तर प्रोग्राम उघडतच नाही. मेमरी इंटेग्रिटी बंद ठेवूनही विंडोज ११ चालतं, पण मग ज्या सुरक्षेच्या नावाने एवढा खटाटोप करायचा, तिचाच एक मोठा भाग बाजूला ठेवावा लागतो.

मग आहे तसंच का नाही

सपोर्ट संपला म्हणून विंडोज १० बंद पडत नाही. ब्राउझरही लगेच सोडून जात नाहीत: विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी क्रोमने त्याची साथ फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडली. विंडोज १० वर एज ब्राउझरचे आणि डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या व्हायरस-ओळखीचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत. त्यामुळे "काही होत नाही" म्हणणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

पण भोक राहतं ते ब्राउझरच्या खाली, सिस्टीममध्ये. विंडोज १० आणि ११ चा बराच कोड सामाईक आहे. ११ साठी दुरुस्ती निघाली की हल्लेखोर जुनी आणि दुरुस्त फाइल शेजारी ठेवून फरक शोधतात. तोच दोष १० मध्ये असेल, तर तो कुठे आहे हे त्यांना आयतं कळतं, आणि १० वर तो कायमचा उघडा. दुरुस्ती आणि हल्ला यांतलं अंतर किती कमी असतं, हे वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने दाखवलं: दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती आणि हल्ला १२ मे ला सुरू झाला. बळी पडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, म्हणजे सपोर्ट चालू असलेल्या सिस्टीमची. दुरुस्ती उपलब्ध होती, फक्त लावलेली नव्हती. जिथे बँकेचे पासवर्ड टाइप होतात, तिथे हे गृहीत धरूनच ठरवायला हवं.

याला उतारा म्हणून मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी एक वर्षाचं विस्तारित सुरक्षा अपडेट ठेवलं आहे, ईएसयू. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सिस्टीम २२एच२ असायला हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्ज क्लाउडमध्ये सिंक केली तर ते फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा एकरकमी शुल्क. त्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. नवीन सोयी नाहीत, मदत नाही.

काका खात्यावर अडले. ते पहिल्यापासून लोकल खातं, म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं खातं, वापरणारे. "माझ्या कॉम्प्युटरला त्यांचं खातं कशाला?" आक्षेप रास्त आहे, आणि पैसे भरले तरी खातं सुटत नाही. शेवटी खातं काढलं, सेटिंग्ज सिंक केली, मात्र वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप बंद ठेवला. तिथली फुकट जागा ५ जीबी. फोटोंनी ती दोन दिवसांत भरली असती आणि मग "जागा संपली"च्या सूचनांनी काकांचं डोकं उठवलं असतं.

लिनक्स पेनड्राइव्हवरून पाहिलं

डिस्कला हात न लावता लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टीम, पेनड्राइव्हवरून चालवलं. त्याला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे आणि हे हार्डवेअर त्याला किरकोळ. आवाज, नेट, प्रिंटर सगळं पहिल्या फटक्यात. मराठी टायपिंगही: काका इनस्क्रिप्टवर टाइप करतात आणि ती मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे तीच. स्कॅनर मात्र ओळखला नाही. हिशेबाचा प्रोग्राम वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) उघडायला गेलो तर "लॉक सापडत नाही" म्हणून थांबला, जे अपेक्षितच होतं. काकूंना मात्र ते आवडलं. "मला एवढंच लागतं," म्हणाल्या, आणि त्यांचं खरंही आहे. त्यांच्या एकट्यांसाठी निर्णय घ्यायचा असता, तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

ठरलं ते

नवीन एसएसडी, तिच्यावर कोरं विंडोज १०, आणि ईएसयूमध्ये नोंदणी. नवीन मशीन नाही, आणि अट चुकवून विंडोज ११ तर नाहीच.

बायोसमध्ये पीटीटी आणि यूईएफआय चालू करून मगच इन्स्टॉल केलं, म्हणजे डिस्क आपोआप जीपीटी झाली आणि पुढेमागे काही बदलायचं ठरलं तर हा अडसर उरला नाही. विंडोजचा परवाना डिजिटल, मदरबोर्डशी बांधलेला. की विचारल्यावर "की नाही" निवडून तीच होम आवृत्ती घेतली आणि नेट लागताच ते स्वतःहून अ‍ॅक्टिव्हेट झालं. जुनी डिस्क क्लोन केली नाही, म्हणजे जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली नाही, कारण सेक्टर वाचताच येत नसतील तर क्लोन अर्ध्यात अडकतो, किंवा खराब फाइली निमूटपणे पुढे नेतो. नवीन डिस्कवर मशीन झटक्यात सुरू व्हायला लागलं तेव्हा काका म्हणाले, "बघ, विंडोज नवीन टाकल्याचा फरक." विंडोज तेच आहे, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

प्रोसेसर आठव्या पिढीचा असता, तर मी पीटीटी आणि सिक्युअर बूट चालू करून सरळ विंडोज ११ ला नेलं असतं. तिथे घुटमळण्यासारखं काही नाही. डाँगल आणि स्कॅनर नसते, तर मिंट.

आता हातात ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा वेळ आहे आणि तो डाँगलपासून सुटका करून घेण्यासाठी वापरायचा. प्रोग्राममधून जुन्या वर्षांच्या खातेवह्या पीडीएफ आणि सीएसव्हीमध्ये काढायला काकांनी सुरुवात केली आहे. नवीन आर्थिक वर्षाचा हिशेब ते लिब्रेऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये ठेवणार, आणि पहिली तिमाही जुन्या प्रोग्राममध्येही समांतर चालवून बेरजा ताडून पाहणार. त्या जुळल्या तर लिनक्सच्या आड उरतो तो एकटा स्कॅनर. त्याचं काय, असं विचारलं तर काका म्हणाले, "निम्मे कागद आताही मी फोननेच काढतो."